चारशे बारा पुढे गेली

चौथा भाग हरवलाय, हे ग्रंथालयात सगळ्यांना कळलं त्या सकाळी लिफ्टवाला त्याच इमारतीत, लिफ्टच्या टपावर बसून दोर पुसत होता. लिफ्टच्या बोगद्यात आवाज फार स्वच्छ पोचतात. तिसऱ्या मजल्यावर ग्रंथालयात कुणी कुजबुजलं तरी ते दाराच्या फटीतून आत येतं आणि सावकाश खाली उतरत जातं.

"कपाटात नाही, टेबलावर नाही, बांधणीला दिलेल्यांत नाही," ग्रंथपालबाई म्हणत होत्या. "चौथा भाग गेला म्हणजे गेला."

"असा कसा जाईल? पुस्तकाला काय पाय फुटतात?" हा आवाज निवृत्त पोस्टमास्तरांचा. "छत्तीस वर्षं नोकरी केली. माझ्या हातून एक पाकीट हरवलं नाही."

"उशिरा मात्र सगळी पोचली," तिसरा आवाज म्हणाला. तो दातांच्या डॉक्टरीणबाईंचा.

लिफ्टवाल्याच्या हातातलं फडकं थांबलं. चौथा भाग कुठे आहे हे जगात एकट्या त्याला माहीत होतं. तो त्याच्या घरी, खिडकीजवळच्या खुर्चीत होता. चार महिन्यांत त्याने तो तिथून हलवला नव्हता.

पुस्तक 'अठराशे उतारू' या मालिकेतलं. अठराशे माणसं घेऊन एक यान पृथ्वीवरून निघतं, त्याला पोचायला तीनशे वर्षं लागणार असतात, आणि लेखकाचा एकूण रागरंग पाहता वाचकांनाही तेवढीच लागतील असं दिसत होतं. पहिल्या भागाने सगळ्यांना वेड लावलं. मग दुसरा आला आणि भांडणं लागली. या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवलेला असे. वाचून झालं की त्यावर आपला सभासद नंबर घालून अभिप्राय लिहायचा. दुसऱ्या भागावर पोस्टमास्तरांनी लिहिलं होतं, 'पहिल्या भागाने झोप उडवली, दुसऱ्याने ती परत दिली.' तिसऱ्यावर डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, 'मुळापर्यंत किडलेला. भरून उपयोग नाही, काढावाच लागेल.'

पण लोक शोधत ते चारशे बारा नंबरचा अभिप्राय. तो वाचल्याशिवाय पुस्तक घरी न्यायचं नाही, असे नियम काहींनी स्वतःला घालून घेतले होते. तिसऱ्या भागावर चारशे बारा नंबरने लिहिलं होतं, 'या भागात उतारू फार जेवतात. लेखकाचं मधल्या काळात लग्न झालं असावं. शिवाय पहिल्या भागात यानाला बारा दारं होती. इथे तेरावं कुठून आलं? बसवणाऱ्याचं नाव कळवावं.' कुणीतरी ते लेखकाला कळवलं. लेखकाचं चार ओळींचं पत्र आलं. चूक कबूल, पाचव्या भागात तेरावं दार काढून टाकतो. ते पत्र बाईंनी काचेखाली लावलं होतं.

चारशे बारा नंबर म्हणजे लिफ्टवाल्याची बायको. दारं मोजायची खोड तिला नवऱ्यामुळे लागली होती. तिचे गुडघे गेल्यापासून दोन वर्षं ती ग्रंथालयात आली नव्हती. पुस्तकं तोच बदलून आणायचा. अभिप्राय ती घरीच लिहायची. त्यामुळे ती आता नाही, हे इथे कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

लेकीने त्याला एक यादी करून दिली होती. फोन बंद करणे, बँकेत कळवणे, ग्रंथालयात कळवणे. पहिली दोन कामं त्याने केली होती. तिथे अर्ज असतात, अर्जात शब्द छापलेलाच असतो, आपण नुसती खूण करायची. ग्रंथालयात तोंडाने सांगावं लागणार होतं. आणि सांगितलं की काय होणार तेही त्याने पाहिलं होतं. सभासद पाचशेच. एक नंबर रिकामा झाला की बाई पट्टी लावून लाल शाईने नाव खोडत आणि तोच नंबर रांगेतल्या पुढच्या माणसाला देत. घरातली खुर्ची रिकामी आहे हे तो कसंबसं शिकला होता. पण उद्या चारशे बारा म्हणून कुणी भलताच माणूस अभिप्राय लिहायला लागला, तर ते काही त्याला बघवणार नव्हतं.

तरी त्या सकाळी त्याने हात धुतले आणि मनाचा हिय्या करून वर गेला. वाक्य तयार होतं.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "आत्ताच रजिस्टर पाहिलं. चौथा भाग शेवटचा तुमच्याकडे गेलाय. पाचवा महिन्याभरात येतोय, सगळ्यांना चौथा पुन्हा वाचायचाय, आणि तो तुमच्या घरी मुरत पडलाय. बाईंचं व्हायचंय का अजून?"

लिफ्टवाल्याने वाक्य ओठांपर्यंत आणलं. ते दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसं अडकलं. शेवटी बाहेर आलं ते एवढंच:

"ती पुढे गेली."

टेबलाशी तिघांनीही माना वर केल्या. लिफ्टवाल्याला वाटलं, झालं, सांगून झालं. त्याने मान खाली घातली.

"पुढे?" पोस्टमास्तर उठून उभे राहिले. "म्हणजे पाचव्यात?"

"अहो, पाचवा छापून कुठे झालाय?" बाई म्हणाल्या.

"कच्ची प्रत हो. लेखकाने पाठवली असणार. मी म्हणालो नव्हतो? ज्या बाईने दारं मोजली, तिला दाखवल्याशिवाय तो आता पुस्तक छापायची छाती करणार नाही." ते लिफ्टवाल्याकडे वळले. "काय हो, खरं ना?"

लिफ्टवाल्याला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की खरं काय ते सांगावं लागणार. तो नुसता उभा राहिला. आपल्याकडे गप्प बसणाऱ्याचं उत्तर नेहमी हो असंच धरतात.

"एवढंच सांगा," डॉक्टरीणबाई जवळ आल्या. "चौथ्याच्या शेवटी ती दुरुस्तीवाली दाराबाहेर जाते आणि दार मागून बंद होतं. सहा महिने माझ्या डोक्यात तेच चाललंय. ती परत येते का?"

अडकलेल्या लोकांशी कसं बोलायचं याचं लिफ्टवाल्याला तीस वर्षांचं वळण होतं. त्याच्या तोंडून आपोआप आलं, "वेळ लागतो."

पोस्टमास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं.

घरी जाऊन त्याने पहिल्यांदा खुर्चीतलं पुस्तक उचललं. दोनशे बाराव्या पानावर खूण होती. लिफ्टच्या देखभालीचं जुनं कार्ड. ती खुणेला तेच वापरायची. शेवटच्या कोऱ्या कागदावर तिने पेन्सिलने अभिप्राय सुरू करून ठेवला होता. 'हा भाग बरा आहे. पण'

एवढंच. पणच्या पुढे काही नव्हतं.

पाण्यात पडल्यावर हातपाय मारणं आलंच. त्याने ग्रंथालयातून पहिला भाग नेला आणि वाचायला घेतला. शाळा सुटल्यानंतरचं त्याचं हे पहिलंच पुस्तक. दुपारच्या सुट्टीत तो लिफ्टच्या टपावर बसे आणि दिव्याखाली एकेक ओळ बोट ठेवून वाची. भोवती बोगदा. वर-खाली अंधार, आणि मजल्यामजल्यावर दाराच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ. वाचता वाचता त्या रेघा लांब जात. खालून कुणी बटण दाबलं की लिफ्ट हलायची नाही, कारण त्याने ती बंद करून ठेवलेली असे, तरी त्याला वाटे आपण निघालोय. कुठेतरी पुढे, एखाद्या रेघेपाशी, ती बसली आहे आणि चष्मा पुसत विचारते आहे, "अहो, कितवं पान?"

"छप्पन्न," तो मोठ्याने म्हणे.

तीन भाग असे झाले. चौथा दोनशे बाराव्या पानापर्यंत झाला. खुणेपाशी आल्यावर त्याने पुस्तक मिटलं. तिच्या पुढे जायचं त्याच्या जिवावर आलं.

इकडे ग्रंथालयात राईचा पर्वत होत होता. भेटेल तो त्याला गाठायचा, आणि तो आपला अडकलेल्या माणसांना सांगायची वाक्यं एकेक करून वापरत होता. 'घाबरू नका.' 'मी इथेच आहे.' एकदा घाईत 'दार स्वतः उघडायला जाऊ नका' असं म्हणाला, तर त्यावरून सभासदांत उभे दोन तट पडले. एकांचं म्हणणं, दुरुस्तीवालीचा नवरा पाचव्या भागात दार उघडणार आणि अठराशे उतारू गुदमरणार. दुसऱ्यांचं म्हणणं, नवरा शहाणा आहे, तो उघडणार नाही, पण मग जगून काय करणार. तिसऱ्या भागाच्या कागदावर जागा उरली नाही म्हणून बाईंना आणखी दोन कागद चिकटवावे लागले.

लेकीचा फोन आला. "बाबा, ग्रंथालयाचं झालं?"

"होतंय."

"होतंय म्हणजे? एक वाक्य तर सांगायचंय."

"सांगितलं. ते जरा वाढलंय."

मग पोस्टमास्तरांनी जाहीर केलं. येत्या रविवारी दहा वाजता वाचकांची बैठक. चारशे बारा नंबरला मानाने आणायचं आणि पाचवा भाग तिच्या तोंडून ऐकायचा.

"तिला जिने चढवत नाहीत," लिफ्टवाला म्हणाला.

"जिने कशाला? लिफ्ट आहे की. तुम्हीच तर चोख ठेवलीय. महिन्याभरात एकदा बंद पडली नाही."

आपण काम चोख करतो याचा लिफ्टवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

रविवारी तो सकाळीच आला. कंपनीने त्याला 'लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद' अशी एकच पाटी दिलेली होती. ती त्याने तळमजल्यावर अडकवली. लिफ्ट बंद, म्हणून बाई येऊ शकत नाहीत, म्हणून बैठक रद्द. एवढा साधा बेत. पण माणूस सरळ. पाटी लटकी ठरू नये म्हणून त्याने गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन पेटीतला एक रिले खरंच उपसून काढला. रिले म्हणजे काड्यापेटीएवढा पुरजा. तो नसला की लिफ्ट जागची हलत नाही.

त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर पोस्टमास्तर, बाई आणि डॉक्टरीणबाई लिफ्टमध्ये शिरली होती. पाटी तळाशी, ती वर कुणाला दिसणार? तिघं निघाली होती चारशे बारा नंबरला घरून आणायला. लिफ्ट दीड माणूसभर खाली गेली आणि थांबली.

"अहो," दोर जातात त्या भोकातून डॉक्टरीणबाईंचा आवाज वर आला. "कुणी आहे का? मला बंद जागा सहन होत नाही."

लिफ्टवाला दचकला. हातातला रिले सुटला, जमिनीवर पडला, घसरत गेला आणि त्याच भोकातून खाली. टण, टण, आणि बऱ्याच वेळाने खड्ड्यात तिसरा टण.

"हे काय पडलं?" पोस्टमास्तर.

"रिले."

"म्हणजे?"

"म्हणजे आता हातानेच वर ओढावं लागेल. घाबरू नका. मी इथेच आहे."

"हे वाक्य मी ऐकलंय कुठेतरी," बाई म्हणाल्या.

हाताने ओढणं हे दोन माणसांचं काम. एकाने ब्रेकचा दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं. लिफ्टवाल्याने दांडा पायाने दाबला आणि चाक दोन्ही हातांनी धरलं. एका फेऱ्याला लिफ्ट चार बोटं वर येई. मग थांबून दम घ्यायचा.

"किती वेळ?" खालून डॉक्टरीणबाई. आवाज कापत होता.

"वेळ लागतो."

"मग काहीतरी बोला हो. बोलत राहा. पाचवा भाग सांगा. बाईंनी सांगितला असेल ना तुम्हाला?"

"हां, सांगा," पोस्टमास्तर म्हणाले. "एवीतेवी बैठक इथेच भरलीय."

लिफ्टवाल्याने एक फेरा घातला. चार बोटं. खोलीच्या झरोक्यातून ऊन मशीनवर पडलं होतं आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती की तिला तीनशे वर्षं तरी नक्की लागणार होती.

"ती दुरुस्तीवाली बाहेर गेली," तो म्हणाला. "तेराव्या दाराने."

"बरोबर," पोस्टमास्तर म्हणाले.

"तिचा नवरा आत. तो धावत दाराशी जातो. पण यानाला दारं बाराच. तो एकेक करून बाराही दारं बघतो. प्रत्येक दाराशी ठोकतो. पुन्हा पहिल्यापासून मोजतो. तेरावं सापडतच नाही." एक फेरा. "लोक त्याला विचारतात, बाई दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत. तो म्हणतो, येईल. काम निघालंय बाहेर. त्याला वाटतं, जोवर आपण सांगत नाही तोवर ती कामावर आहे. तिचा नंबर पाटीवर आहे. जेवणाच्या वेळी तिचं ताट मांडलं जातं."

"आणि अठराशे माणसांत कुणाला संशय येत नाही?" डॉक्टरीणबाईंचा आवाज आता स्थिर झाला होता.

"येत नाही. ती फार बाहेर यायचीच नाही. गुडघे दुखायचे तिचे."

खाली पोस्टमास्तरांनी वही मिटल्याचा आवाज आला.

"तो तिची वही वाचत बसतो. ती जिथवर पोचली होती तिथवरच वाचतो. पुढे नाही. म्हणजे दोघं एकाच पानावर राहतात." त्याने चाक धरून ठेवलं. फेरा घालायचं तो विसरला. "ती परत येत नाही. ती पुढे गेली. मी सांगितलं होतं तुम्हाला, पण मला नीट सांगता आलं नाही."



"कधी?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"पाच महिने झाले. दोनशे बाराव्या पानावर. मी चहा ठेवायला गेलो होतो. आलो तर पुस्तक मांडीवर होतं आणि चष्मा नाकावर. मला वाटलं, वाचतेय."

"छत्तीस वर्षांत," पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "इतकी उशिरा बातमी माझ्या हातूनही कधी पोचली नव्हती."

मग बाईंचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. "म्हणजे पाचवा भाग तुमच्याकडे नाही."

"नाही."

"अहो, काय विचारताय," डॉक्टरीणबाई रडता रडता हसायला लागल्या.

लिफ्टवाल्याने चाक फिरवलं. लिफ्ट तिसऱ्या मजल्याला लागायला आणखी सव्वीस फेरे लागले. खाली येऊन त्याने दार उघडलं तेव्हा तिघं ओळीने बाहेर आली. पोस्टमास्तरांनी जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हाताला तेल लागलं ते रुमालाला पुसलं नाही.

बाई टेबलाशी बसल्या. रजिस्टर उघडलं. पट्टी काढली, लाल शाईचं पेन काढलं. लिफ्टवाला समोर उभा राहिला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "चौथा भाग उद्या आणून देतो," तो म्हणाला.

बाईंनी रजिस्टरमधून वर पाहिलं नाही. "सभासदाकडे पुस्तक बाकी असेपर्यंत नाव खोडता येत नाही. नियम आहे."

"म्हणून तर म्हणतोय, उद्या आणतो."

"काय आणताय? हरवलाय तो. मी सगळ्यांना सांगून बसलेय."

"बाई, तो माझ्या घरी..."

"कपाटात नाही, टेबलावर नाही," बाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावलं.

"पुस्तकाला पाय फुटतात कधीकधी," पोस्टमास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पाचवा भाग पुढच्या महिन्यात आला. दुरुस्तीवाली आठव्या पानावर परत येते. दार उघडतं, ती आत येते, हात धुते, जेवायला बसते. सभासद खवळले. पोस्टमास्तरांनी कागदावर लिहिलं, 'इतक्या सहज? आम्ही लिफ्टमध्ये ऐकलेला पाचवा भाग यापेक्षा शंभर पटींनी खरा होता.' डॉक्टरीणबाईंनी खाली लिहिलं, 'सहमत. हा दात खोटा आहे.' आणखी अकरा जणांनी, ज्यांनी लिफ्टमध्ये काहीच ऐकलं नव्हतं, सहमत म्हणून नंबर टाकले. लेखकाला त्याची नक्कल गेली. उत्तर अजून आलेलं नाही.

लिफ्टवाला देखभालीला आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला जिन्यातच गाठलं आणि हे सगळं तावातावाने ऐकवलं. "सांगा आता, पटतं का हे? आठव्या पानावर परत."

"येते ना?" तो म्हणाला. "बरं झालं."

तो पाचवा भाग वाचणार आहे. तसं त्याने बाईंना सांगून ठेवलंय. पण आधी चौथा संपवायला हवा. त्याची अठ्ठावीस पानं वाचायची राहिली आहेत, आणि शेवटच्या कागदावर पणच्या पुढचं लिहायचं राहिलं आहे.